दर महिन्याला सर्दी म्हणजे इम्युनिटी कमी का? आणि पेशी जंतू ओळखतात कशा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलगा साडेतीन वर्षांचा, बालवाडीत जायला लागल्यापासून दर महिन्याला सर्दी-ताप. सासूबाई म्हणतात पोरात ताकदच नाही, मेडिकलवाला इम्युनिटीचं सिरप घ्या म्हणतोय. लशी सगळ्या झाल्यात, फक्त दीड वर्षाचे डोस राहिलेत कारण तेव्हा ताई माहेरी होत्या. आणि मूळ शंका ही की कांजण्या एकदा झाल्या की परत होत नाहीत तर सर्दी का परत परत होते, आणि अंगातल्या पेशींना कळतं तरी कसं की हा अमुकच जंतू आहे?

ताई, आधी काळजीचं उत्तर देतो मग पेशींकडे वळू. नुकतीच बालवाडी सुरू झालेल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं नॉर्मल आहे, काहींना दहा वेळाही होतो, आणि हे सगळे पावसाळ्यापासून ते जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंतच्या काळात एकामागोमाग येतात म्हणून आईला वाटतं की पोरगं मधे बरं झालंच नाही. वजन-उंची वाढतेय, ताप नसलेल्या दिवशी पोट भरून जेवतोय, अंगणात धावतोय, तर त्याची इम्युनिटी कमी नाही. ती आत्ता तयार होतेय, आणि ती कशी तयार होते हे एकदा नीट कळलं की तुमच्या बाकीच्या शंका आपोआप सुटतात असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की जंतू अंगात शिरतो, पेशी त्याला बघतात आणि त्याच्या आकारावरून त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटणारं प्रोटीन बनवतात. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं, लायनस पॉलिंगने १९४० साली मांडलं होतं की अँटिबॉडीचं प्रोटीन जंतूच्या तुकड्याभोवती घडी घालून त्याचा आकार घेतं. ते खरं निघालं नाही. खरी गोष्ट अशी की तुमच्या मुलाच्या अंगात गोवराचा व्हायरस ओळखणारी पेशी तो व्हायरस यायच्या आधीच हजर आहे. त्याने गोवर कधी बघितलेला नसू दे, त्याच्या आजीनेही बघितलेला नसू दे, तरी ती पेशी आहे. डांग्या खोकल्याची आहे, घटसर्पाची आहे, आणि अजून जगात न आलेल्या एखाद्या व्हायरसची पण आहे. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा रिसेप्टर (जंतूचा तुकडा पकडणारा रेणू), दुसऱ्या पेशीवर वेगळा, तिसरीवर अजून वेगळा, अशा कोट्यवधी तऱ्हा. जंतू आला की यातली जी कोणती त्याला बसते ती जागी होते आणि तिचीच पिल्लं वाढत जातात, बाकीच्या जिथल्या तिथे राहतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली ही कल्पना मांडली आणि आजचं सगळं लसीकरण याच पायावर समजून घ्यावं लागतं.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, एवढ्या तऱ्हा आल्या कुठून? माणसाची प्रोटीन बनवणारी जनुकं सगळी मिळून साधारण वीस हजार, त्यातच हृदय-लिव्हर-मेंदू सगळं बसवायचं, मग अब्जावधी प्रकारच्या अँटिबॉडीजची माहिती ठेवायची कुठं? सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये बाझलला काम करताना १९७६ साली दाखवलं की अँटिबॉडीचं जनुक अखंड असतच नाही, ते तुकड्या-तुकड्यांत ठेवलेलं असतं. बोन मॅरोत, म्हणजे हाडाच्या मगजात अँटिबॉडी बनवणारी बी पेशी तयार होताना ती स्वतःचा डीएनए कापते, एका ढिगातून एक तुकडा, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक असं उचलून जोडते आणि मधलं टाकून देते. अँटिबॉडीच्या मोठ्या साखळीसाठी पहिल्या ढिगात वापरण्यासारखे साधारण चाळीस तुकडे, दुसऱ्यात वीस-पंचवीस, तिसऱ्यात सहा, छोट्या साखळीचे तुकडे वेगळे, नुसता गुणाकार केला तरी सतरा-अठरा लाख जोड्या होतात, आणि जोड मारताना सांध्यावर काही अक्षरं उगाचच वाढवली किंवा खोडली जातात त्यामुळे हा आकडा अब्जांच्या पार जातो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी माग आहे त्यांना हे पटकन कळेल, सूत चार-सहा रंगांचंच असतं पण जेकार्डवर कुठला धागा कधी उचलायचा ते बदललं की डिझाइन मोजता येणार नाहीत इतकी निघतात. फरक एकच, मागावर डिझाइन कुणीतरी ठरवलेलं असतं आणि इथे कुणीच ठरवत नाही, जे येईल ते येईल. टोनेगावांना याचं १९८७ चं नोबेल मिळालं, एकट्यांना.

आता एवढं सगळं अंदाधुंद होत असेल तर काही पेशी आपल्याच अंगाला बसणाऱ्या निघणार, हे उघड आहे. त्यांचं काय? इथे थायमस येते, छातीच्या मधल्या हाडामागे हृदयाच्या वरच्या बाजूला असलेली ग्रंथी. लहान बाळाच्या छातीचा एक्स-रे काढला की कधीकधी एका बाजूला शिडासारखी तिकोनी सावली दिसते, रिपोर्ट न वाचताच कुणीतरी आईला सांगतं छातीत गाठ आहे आणि ती माऊली रडत येते. ती गाठ नसते, थायमस असते, बाळाची थायमस मोठीच असते, असायलाच पाहिजे, वयात आल्यावर ती हळूहळू आकसत जाते. १९६१ पर्यंत हा अवयव निरुपयोगी समजायचे, मग जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून दाखवली आणि ती पिल्लं इन्फेक्शनने खंगून मरायला लागली, तेव्हा कळलं की टी पेशी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इथे तयार होतात.

थायमसमध्ये जे चालतं ते मला अजूनही थक्क करतं. कच्च्या टी पेशी तिथे येतात, प्रत्येकीचा रिसेप्टर वेगळा. आधी बघितलं जातं की आपल्या पेशींवरचे, प्रोटीनचे तुकडे बाहेर मांडणारे एचएलए नावाचे रेणू तिला मुळात वाचता येतात का, येत नसतील तर ती तिथेच मरते. मग बघितलं जातं की आपल्याच प्रोटीनला ती फार घट्ट चिकटतेय का, चिकटली तर तीही बहुतेक वेळा संपते. आणि हे नीट व्हावं म्हणून थायमसच्या काही पेशी इन्सुलिनपासून थायरॉइडपर्यंत अंगभरच्या प्रोटीन्सचे नमुने स्वतः बनवून समोर ठेवतात, जी प्रोटीन्स एरवी त्या-त्या अवयवाबाहेर कुठे बनत नाहीत. शंभरातल्या पाचसुद्धा टी पेशी यातून बाहेर पडत नाहीत, बाकीच्या तिथेच संपतात. तरीही काही निसटतातच, त्यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळ्या रेग्युलेटरी टी पेशी असतात, त्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या तिघांना. हे नियंत्रण सुटलं की टाइप १ डायबिटीस, काही थायरॉइडचे आजार असले त्रास होतात. म्हणून मी नेहमी म्हणतो की इम्युनिटी जास्त असणं ही काही चांगली गोष्ट नाही, ती बरोबर असावी लागते.

आता जंतू प्रत्यक्ष आला की काय होतं ते बघू. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी कामाला लागतात, यांना अमुक जंतू तमुक जंतू असं बारीक कळत नाही, फक्त बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा, व्हायरसचा आरएनए असली ढोबळ खूण कळते. बऱ्याच इन्फेक्शनचा निकाल इथेच लागतो. पण त्याच जागी डेंड्रायटिक नावाची फांद्या फुटल्यासारखी पेशी असते, ती जंतू गिळते, त्याचे बारीक तुकडे करते, ते तुकडे एचएलएवर लावून आपल्या अंगावर मांडते आणि जवळच्या लिम्फ नोडकडे, म्हणजे या पेशी जिथे जमतात त्या छोट्या गाठीकडे, चालायला लागते. पायाला काटा लागला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ते हेच. जखम पायाला आणि गाठ जांघेत का, तर पायाकडून आलेल्या या पेशी तिथे पोचलेल्या असतात आणि तिथे काम जोरात सुरू झालेलं असतं. तुमच्या मुलाच्या गळ्याला सर्दीनंतर हाताला लागणाऱ्या छोट्या, सरकणाऱ्या गाठीसुद्धा त्याच, त्यांना घाबरू नका. गाठ मोठी होत चाललीय, घट्ट आहे, महिनाभर तशीच आहे, किंवा वजन उतरतंय तर मात्र दाखवा.

लिम्फ नोडमध्ये जायचं कारण असं की एखाद्या जंतूच्या एका तुकड्याला बसणारी टी पेशी लाखात एखादीच असते. ती अंगभर फिरत असते, रक्तातून नोडमध्ये, नोडमधून परत रक्तात, आणि जंतू घेऊन आलेली पेशी नोडमध्ये थांबलेली असते म्हणून दोघींची गाठ पडते. नुसती गाठ पडून पण भागत नाही. डेंड्रायटिक पेशीला आधी ती ढोबळ धोक्याची खूण दिसलेली असली तरच ती दुसरा सिग्नल देते, आणि दोन्ही सिग्नल मिळाले तरच टी पेशी वाढते. धोक्याशिवाय नुसता तुकडा दिसला तर ती उलट थंड पडते. काही लशींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात ते याचसाठी, पेंटाव्हॅलेंट या पाच आजारांवरच्या लशीनंतर मांडीला जी सूज येते, रात्री ताप येतो, त्यात या धोक्याच्या खुणेचा मोठा हात आहे.

एकदा जागी झाली की टी पेशी दिवसातून दोन-तीन वेळा दुप्पट होते. दहा वेळा दुप्पट म्हणजे हजार, वीस वेळा म्हणजे दहा लाख. पण याला दिवस लागतात, साधारण आठवडा ते दोन आठवडे, आणि त्या दिवसांत पेशंट आजारी असतो. वाढलेल्यांतल्या काही टी पेशी व्हायरस शिरलेल्या आपल्याच पेशी शोधून मारतात, काही बी पेशींना मदत करतात. बी पेशी मदत मिळाली की नोडमध्येच एका कोपऱ्यात जमून भराभर वाढतात, आणि तिथे अजून एक नवल होतं, त्या आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बारीक चुका करतात. बऱ्याच चुका वाया जातात, त्या पेशी मरतात. ज्या चुकीने जंतूला पकड जास्त घट्ट बसली ती पेशी टिकते, वाढते, परत चुका करते, परत गाळणी. म्हणून पहिल्या आठवड्यातली अँटिबॉडी सैल चिकटणारी असते आणि दोन-तीन महिन्यांनंतरची कितीतरी पटीने घट्ट. ज्याला पेशींचं शिकणं म्हणतात ते मुख्यतः इथे होतं, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस झाले तरी दीड वर्षाला बूस्टर का, याचं उत्तर हेच. मधल्या काळात गाळून उरलेल्या चांगल्या पेशींना परत जागं करायचं असतं. उद्याच परत डोस देऊन तो परिणाम मिळत नाही.

काम झालं की वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात, थोड्या मेमरी पेशी म्हणून राहतात, काही प्लाझ्मा पेशी बोन मॅरोत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहतात. किती वर्षं? फॅरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली, मग गोवर तिथे आलाच नाही, थेट १८४६ साली परत आला आणि बेटावरच्या बहुतेकांना झाला. पीटर पानम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला, त्याने घरोघर विचारलं आणि त्याला आढळलं की १७८१ ला लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही परत झाला नाही. पासष्ट वर्षं, मधे एकदाही जंतूशी गाठ न पडता.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर बाळाच्या डाव्या दंडाकडे बघा. टीबीची बीसीजी लस दिली की कातडीत छोटा फुगवटा येतो, अर्ध्या तासात जातो आणि मग दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. आया विचारतात लस लागली की नाही. त्या दिवसांत काखेतल्या नोडमध्ये टी पेशींची निवड आणि वाढ चाललेली असते. मग त्या दंडात परत येतात, लाल पुळी उठते, पाचव्या-सहाव्या आठवड्याला मोठी होते, पिकते, फुटते, खपली धरते, आणि साधारण तीन महिन्यांत व्रण राहतो. पुळी पिकली म्हणून हळद, मलम, अँटिबायोटिक, काही लावायचं नाही, दाबायची तर मुळीच नाही, नेहमीसारखी आंघोळ घालायची. टीबीसाठी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला करतात त्या मॉन्टू टेस्टमध्ये हेच उलट्या बाजूने दिसतं, औषध टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी रीडिंग घेतात, कारण जुन्या मेमरी पेशी असतील तर त्यांना तिथे जमायला दोन-तीन दिवस पुरतात, दोन-तीन आठवडे लागत नाहीत. लालीची रुंदी मोजत नाहीत हं, हाताला लागणारा कडकपणा मोजतात. आणि बीसीजीचा व्रण उठलाच नाही तरी लस परत द्यायची नसते.

पेंटाव्हॅलेंटमध्ये हिब नावाचा एक भाग आहे, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. हिब जंतूच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. टी पेशींना प्रोटीनचे तुकडेच वाचता येतात, नुसती साखर वाचता येत नाही, त्यामुळे बी पेशींना मदत मिळत नाही, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांत मदतीशिवाय बी पेशी या साखरेला जवळजवळ दादच देत नाहीत. नेमकं याच वयात हिबचा मेंदुज्वर जास्त होतो. मग लस बनवणाऱ्यांनी ती साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रोटीनला जोडली. साखर ओळखणारी बी पेशी ती जोडगोळी गिळते, आतलं प्रोटीन बाहेर मांडते, धनुर्वाताची टी पेशी ते वाचून मदत देते, आणि बी पेशी साखरेविरुद्ध पक्की अँटिबॉडी बनवते. न्यूमोनियाची पीसीव्ही पण अशीच बनते. माणसाने या पेशींचे नियम समजून घेऊन केलेल्या कामांत मला हे सगळ्यात सुंदर वाटतं.

गोवर-रुबेलाची लस जन्मतःच का देत नाहीत, नऊ महिने का थांबतात, हाही प्रश्न खूप येतो. आईच्या आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीज नाळेतून बाळात आलेल्या असतात, त्या पहिले काही महिने बाळाला सांभाळतात पण लसीतला व्हायरसही पकडून टाकतात, मग बाळाच्या पेशींना तो दिसतच नाही. नऊ महिन्यांपर्यंत त्या बऱ्याच ओसरतात. आईच्या चिकातल्या आणि दुधातल्या अँटिबॉडीज वेगळ्या प्रकारच्या, त्या आतड्याच्या अस्तरावर काम करतात, म्हणून चीक काढून टाकणं अजूनही कुठे कुठे चालतं ते बंदच व्हायला पाहिजे.

उसन्या अँटिबॉडी आणि स्वतःच्या पेशी यातला फरक कुत्रा चावल्यावर समजतो. जखम खोल असेल तर लशीसोबत जखमेत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी भरतात, लोक म्हणतात एकच इंजेक्शन द्या की दोन-दोन कशाला. लशीने स्वतःच्या अँटिबॉडी बनायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेवढे दिवस जखमेतला व्हायरस रोखायला तयार अँटिबॉडी लागतात. त्या काही आठवड्यांत संपतात, लशीने बनलेल्या पेशी राहतात. आणि त्याआधी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मिरची-चुना लावायचा नाही. धनुर्वाताचं तर अजून वेगळं, त्याचं विष इतक्या कमी मात्रेत जीव घेतं की इम्युनिटी तयार व्हायला ते पुरतच नाही, म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावीच लागते, झाला आता परत होणार नाही असं समजायचं नाही.

आता कांजण्या आणि सर्दी. कांजण्यांचा व्हायरस एकच आहे आणि फारसा बदलत नाही, मेमरी पेशी त्याला दरवेळी ओळखतात. तो अंगातून जात मात्र नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी टी पेशींची पकड सैल झाली की नागीण म्हणून उठतो. सर्दीचे नुसते ऱ्हायनोव्हायरसच दीडशेच्या वर प्रकारचे, शिवाय बाकीचे व्हायरस वेगळे. तुमच्या मुलाला सर्दी परत होत नाहीये, दर महिन्याला नवीन सर्दी होतेय, आणि प्रत्येकीची मेमरी साठत चाललीय. म्हणून पहिलीत जाईपर्यंत बहुतेक मुलांचं हे आपोआप कमी होतं. फ्लूचा व्हायरस एकाच नावाखाली दरवर्षी बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी.

डेंग्यूबद्दल मात्र सोलापुरात जपून बोलायला लागतं, कारण आपल्याकडे पाणी काही दिवसाआड येतं, घरोघरी बॅरल, टाक्या, रांजण भरून ठेवावे लागतात आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाने आजारी पडलात तर त्या प्रकारापासून जन्मभर संरक्षण, बाकी तिघांपासून काही महिनेच. नंतर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि चिकटलेल्या अँटिबॉडीमुळे व्हायरस मॅक्रोफेजसारख्या पेशींत उलट सहज शिरतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जड जाण्याची शक्यता जास्त. रिपोर्टमध्ये पण हे वाचता येतं, एनएस१ म्हणजे व्हायरसचंच प्रोटीन, ते पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, आयजीएम ही आधी बनणारी अँटिबॉडी त्यानंतर येते, आणि नंतर बनणारी आयजीजी जर तापाच्या पहिल्याच दिवसांत भरपूर असेल तर याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय असं धरून मी पेशंटवर जास्त बारीक नजर ठेवतो, विशेषतः ताप उतरतो त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस. पोट दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं, नाका-हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, ताप गेला म्हणून निवांत राहू नका.

आणि रिपोर्टचा विषय निघालाच आहे तर, मुलाच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइट (या टी आणि बी पेशीच) पन्नास-पंचावन्न टक्के बघून घाबरू नका. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतात, रिपोर्टवर छापलेली रेंज बऱ्याचदा मोठ्यांची असते.

सिरपबद्दल स्पष्ट सांगतो, घेऊ नका. वर जे सगळं सांगितलं त्यात, अमुक जंतूला बसणारी पेशी निवडायची, वाढवायची, गाळायची, यातलं एकही काम बाटलीतलं औषध करू शकत नाही, ते काम जंतू करतो किंवा लस करते. या पेशींना वाढायला प्रोटीन, लोह, झिंक, व्हिटॅमिन ए लागतं हे खरं, पण ते भाकरी-डाळ, अंडं, शेंगदाणे, पालेभाज्या आणि सरकारी डोस यातून मिळतं. व्हिटॅमिन ए नऊ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत फुकट मिळतं, ते चुकवू नका. त्या सिरपच्या पैशात महिनाभर रोज अंडं येतं.

इम्युनिटी खरंच कमी असलेली मुलं असतात, थोडी असतात, पण ती ओळखू येतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, परत परत खोल गळवं, एक वर्षानंतरही तोंडात न जाणारी पांढरी बुरशी, दोन-दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक नाही, वजन वाढत नाही, किंवा घरात आधी एखादं मूल लहानपणी इन्फेक्शनने गेलेलं आहे. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन यांनी असाच एक मुलगा बघितला होता, आठ वर्षांचा, सारखा न्यूमोनिया, आणि त्याच्या रक्तात अँटिबॉडीचा भागच नव्हता. आज अशा मुलांना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन वाढवता येतं, म्हणून वरच्यापैकी काही असेल तर उशीर करू नका, सिव्हिलला किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी करून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

राहिला चुकलेला डोस, आणि तुमच्या पत्रातली मला खरी काळजीची वाटणारी गोष्ट तीच आहे, सर्दी नाही. दीड वर्षाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर असतो. गोवराच्या पहिल्या डोसला काही मुलांच्या पेशी जाग्याच होत नाहीत, दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो, आणि आपलं मूल त्यातलं आहे का हे बाहेरून कळत नाही. गोवर हा नुसता पुरळाचा आजार पण नाही, तो मेमरी पेशींमध्येच शिरून त्यांना मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तात गोवरानंतर आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब झालेल्या दिसल्या, म्हणजे आधी झालेल्या आजारांतून जे कमावलं ते पुसलं जातं आणि पुढची दोन-तीन वर्षं मूल बाकीच्या इन्फेक्शनना उघडं पडतं.

सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. आधीच्या डोसच्या मेमरी पेशी आहेत तशाच आहेत, अंतर वाढलं म्हणून त्या वाया गेल्या नाहीत. साडेतीन वर्षांच्या मुलाला गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी बूस्टर सात वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो. साधी सर्दी असली, बारीक ताप असला तरी लस देता येते, पूर्ण बरा व्हायची वाट बघत बसलात तर त्याच्या वयात तो दिवस लवकर उजाडणार नाही. कार्ड घेऊन या आठवड्यातल्या लसीकरणाच्या दिवशी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, दोन्ही सुया एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देतात, त्याला काही होत नाही. डीपीटीच्या रात्री ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, गोवराच्या लशीचा ताप आठवडाभरानंतर येऊ शकतो, तो का उशिरा येतो ते आता तुमच्या लक्षात येईल. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, तो कार्डावर आत्ताच लिहून घ्या.